किंचित गुलाबी

रंगपंचमीची गेर दुपारी राजवाड्यावरून निघून गेली
आणि आमच्याकडे पोहोचली रात्री नऊला.
आधी गुलाबी. मग हिरवी. मग सगळ्यांचा मिळून
तो एक रंग, ज्याला नावं सगळेच ठेवतात,
नाव कुणी देत नाही.

शहराचं पंचांग मी जाळीवर वाचते.
लग्नतिथीला झेंडू आणि अक्षता,
रविवारी साबणाचा फेस गुडघाभर,
सराफ्यातलं तेल मध्यरात्र उलटल्यावर.
एकदा मंगळसूत्राची एक वाटी आली होती.
भेरूलालनं राखेनं घासून ड्रॉवरमध्ये ठेवली;
अजून कुणी विचारायला आलेलं नाही.

रामबागेतली आत्या विचारते, नक्की करतेस काय गं तू?
मुलाकडच्यांना ती सांगते, 'पाण्याच्या लॅबमध्ये असते'
आणि विषय श्रीखंडाकडे वळवते.
काय सांगू? पाळते, आत्या.
कोट्यवधी पाळते. दिसत नाहीत,
भुंकत नाहीत, दूध मागत नाहीत.
टाकी सुरू झाली तेव्हा शेण कालवून घातलं होतं,
वर गुळाचं पाणी, बाळंतिणीच्या कौतुकानं.
तुम्ही सोडून दिलेलं खाऊन ते जगतात.
वर फक्त हवा लागते.
म्हणून ब्लोअर रात्रभर घोरतो,
आणि वीज गेली की
त्यांच्याआधी मी गुदमरते.

आज रंगानं त्यांचं काय केलं असेल?
टाकीतलं एक लिटर सिलिंडरमध्ये घेतलं.
तीस मिनिटं. हलवायचं नाही, गाळ आपणहून बसू द्यायचा.
तेवढ्यात मी डबा खाते,
भेरूलाल बिडी ओढायला फाटकाबाहेर जातो.
त्याचा बाप कमरेला दोर बांधून गटारात उतरायचा,
उघड्या अंगानं, पव्वा मारून.
एकदा नुसता दोर वर आला.
हे सांगताना भेरूलाल पंपाचं बटण पुसत असतो,
आधीच स्वच्छ असलेलं बटण.

रेघ उतरत गेली. वर पाणी, खाली तपकिरी ढग.
एक थेंब काचेवर घेतला, डोळा लावला:
देठावर एक इवलीशी घंटा.
मिटली. उघडली. मिटली.
'अगं, आहेस!' मी मोठ्यानं म्हटलं,
आणि भेरूलाल दारातून म्हणाला, 'मी इथंच आहे, मॅडम.'

पहाटे साहेबांचा फोन.
बाकी ठीक आहे, म्हटलं, रंग अजून थोडा दिसतोय.
'नितळ लिही ना. सण होता.'

बाहेर पडणाऱ्या पाण्यातून ग्लास भरला, उजेडापुढे धरला.
तान्ह्याच्या नखाइतका रंग.
पणजोबा हिला नदी म्हणायचे, बाबा नाला म्हणाले.
पुलावर आता नवी पाटी आहे, कान्ह नदी.
पाटी वाचून नदी थोडी बुजते,
बऱ्याच वर्षांनी कुणी पाळण्यातल्या नावानं हाक मारावी तशी.
खाली सांवेरकडे कुणी लसणाला शेवटचं पाणी देत असेल.
एखादी म्हैस मानेपर्यंत बसेल.
तिला नोंदवही वाचता येत नाही,
म्हणूनच तर खरं लिहावं लागतं.
लिहिलं: किंचित गुलाबी.

भेरूलाल नळाशी हातपाय धूत होता.
'कानामागे राहिलाय,' मी म्हटलं,
तर कालचा केशरी त्यानं खसाखसा चोळला.
मोरीतून ओघळ निघाला.
कुंपणाकडेनं वळसा घेऊन
तो अर्ध्या तासात जाळीवर येईल.
मी नोंदवही मिटली नाही.